बचाव एका एप्रिलमध्ये उभा राहत नाही

दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस अमेरिकेतील राष्ट्रीय फुटबॉल लीगचा, म्हणजे एनएफएलचा, ड्राफ्ट होतो आणि त्याच्या आधीचे कित्येक आठवडे एकच वाद रंगतो. मागच्या हंगामात ज्या संघाचा बचाव वारंवार कोसळला, त्याने यंदा कोणाला निवडावे? एक पक्ष सांगतो की जिथे भोक पडले आहे तिथेच ठिगळ लावा. कॉर्नरबॅक (मागे राहून झेलकऱ्याची राखण करणारा) कमी पडला असेल तर कॉर्नरबॅक घ्या, लाइनबॅकर (पुढच्या फळीच्या लगेच मागे उभा राहणारा) कमी पडला असेल तर लाइनबॅकर घ्या. दुसरा पक्ष सांगतो की गरजेचा विचारच करू नका, यादीत उरलेल्यांपैकी सर्वांत गुणवान खेळाडू उचला. दोन्ही बाजू हिरिरीने भांडतात, दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक संघाला परीक्षेसारखे गुण वाटले जातात, आणि ज्यांनी अजून व्यावसायिक मैदानावर एक पाऊलही टाकलेले नाही अशा मुलांच्या भरवशावर बचाव सुधारला की बिघडला याचा निकाल लावून सगळे मोकळे होतात. माझ्या मते हा वादच चुकीच्या पायावर उभा आहे. ड्राफ्टमधून बचाव मजबूत होतो, याबद्दल मला शंका नाही; पण तो एका वर्षाच्या निवडीतून होत नाही. तीन-चार ड्राफ्ट सलग, एकाच विचाराने आणि बहुतेक वेळा पुढच्या फळीपासून, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावर समोरून धावून जाणाऱ्यांपासून, सुरुवात करून केले, तरच तो उभा राहतो. म्हणून एखाद्या निवडीचे मोल ठरवताना आधीच्या तीन वर्षांत काय घेतले आणि पुढच्या दोन वर्षांत कोण जाणार, हे विचारले पाहिजे.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या मराठी वाचकासाठी ड्राफ्टची रीत थोडक्यात सांगायला हवी. येथे बोली लागत नाही. ३२ संघ ठरलेल्या क्रमाने महाविद्यालयीन खेळाडूंची निवड करतात, सात फेऱ्या होतात, आणि मागच्या हंगामात ज्याची कामगिरी सर्वांत वाईट त्याला पहिला मान मिळतो. फिलाडेल्फिया ईगल्सचे तेव्हाचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. श्रीमंत संघच दर वर्षी चांगले खेळाडू पळवतात, हे थांबवणे हा त्यामागचा हेतू होता. आजच्या ड्राफ्टचे अर्थकारण मात्र लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील २०११ च्या सामूहिक करारानंतर बदलले. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डचा करार सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा होता; पुढच्याच वर्षी त्याच क्रमांकावर आलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी २० लाख मिळाले. संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा असताना, चांगला खेळाडू चार वर्षे इतक्या कमी पैशांत हाताशी असणे हीच ड्राफ्टची खरी ताकद आहे, आणि बचावात एका वेळी ११ जण लागत असल्यामुळे ही ताकद बचावाला फार उपयोगी पडते.

पुढची फळीच आधी का, याचे उत्तर ९ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये झालेल्या सुपर बोलमधील, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यातील, एका प्रसंगात दिसते. दुसरा क्वार्टर सुरू होता, ईगल्स १०-० ने पुढे होते आणि चेंडू कॅन्सस सिटी चीफ्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा, पॅट्रिक महोम्स याच्या हाती होता. जॉश स्वेट आणि जेलिक्स हंट यांनी लागोपाठच्या डावांत त्याला चेंडूसकट खाली पाडले, म्हणजे सॅक केले. चेंडू स्वतःकडे राखायला आता तिसऱ्या डावात १६ यार्ड हवे होते. महोम्स पुन्हा दबावाखाली उजवीकडे सरकला आणि धावताधावताच त्याने मैदानाच्या मध्याकडे चेंडू फेकला. तिथे कूपर डिजीन उभा होता. त्याने तो झेलला आणि ३८ यार्ड धावत जाऊन थेट गुणरेषा ओलांडली. तो डिजीनचा २२ वा वाढदिवस होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सगळीकडे त्याचेच नाव झळकले. पण त्या झेलाआधी काय घडले होते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. क्वार्टरबॅकला नीट उभे राहून चेंडू टाकायला साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात. ती फळीतल्या चौघांनी हिरावून घेतली, तर मागे उरलेले सातही जण राखणीला मोकळे राहतात. त्या रात्री ईगल्सने मागचा एकही माणूस जादा हल्ल्यासाठी, म्हणजे ब्लिट्झसाठी, पुढे पाठवला नाही, असे सामन्यानंतरच्या विश्लेषणात नोंदले गेले. तरीही महोम्स सहा वेळा सॅक झाला. सामना ४०-२२ असा संपला, पण मध्यंतरालाच २४-० झाले होते.

त्या सहा सॅकचे श्रेय स्वेट, मिल्टन विल्यम्स, जॉर्डन डेव्हिस आणि हंट यांच्याकडे जाते. स्वेट २०१८ च्या चौथ्या फेरीतला, विल्यम्स २०२१ च्या तिसऱ्या फेरीतला, डेव्हिस २०२२ च्या पहिल्या फेरीतला आणि हंट २०२४ च्या तिसऱ्या फेरीतला. चार खेळाडू, चार वेगवेगळे ड्राफ्ट, आणि सगळे ईगल्सनेच निवडलेले. ज्याच्यावर बहुतेक डावांत दोन-दोन प्रतिस्पर्धी लावावे लागत होते तो जेलन कार्टर २०२३ च्या पहिल्या फेरीत आला होता. यांपैकी कोणत्याही एका एप्रिलच्या गुणपत्रिकेतून हा संच दिसला असता का? उलट विल्यम्सच्या निवडीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ईगल्सने आपली जागा तीन क्रमांकांनी मागे सरकवली, तेवढ्यात मनात असलेला दुसरा एक फळीतला खेळाडू डेट्रॉइटने उचलला, आणि मग विल्यम्स घेतला गेला. निवडीच्या खोलीत जनरल मॅनेजर हावी रोझमन सर्वांशी मुठी भिडवत फिरत असताना एक ज्येष्ठ सल्लागार उघडपणे नाराज दिसला. ते दृश्य दूरचित्रवाणीवर गेले आणि त्या ड्राफ्टच्या फसगतीचा पुरावा म्हणून पुन्हा पुन्हा दाखवले गेले. त्याच विल्यम्सने चार वर्षांनी सुपर बोलमध्ये दोन वेळा महोम्सला पाडले.

न्यू जर्सी आणि फिलाडेल्फियाच्या परिसरात राहून या संघाशी जोडले गेलेले मराठी चाहते येथे एक आक्षेप घेतील, आणि तो हलका नाही. २०२३ च्या हंगामातही ही फळी होतीच, मग तेव्हा काय झाले? ईगल्सने पहिल्या ११ सामन्यांपैकी १० जिंकले, शेवटच्या सहापैकी पाच हरले आणि बाद फेरीत टँपा बेने त्यांना ३२-९ असे लोळवले. मागच्या फळीतले कॉर्नरबॅक तिशी ओलांडलेले होते, हंगामाच्या मधेच बचावाची सूत्रे एका प्रशिक्षकाकडून दुसऱ्याकडे गेली, आणि फळीतले गुणी तरुण असूनही प्रतिस्पर्धी सहज चेंडू फेकत राहिले. त्यानंतर संघाने नेमके ‘गरजवाल्यां’चे ऐकले: २०२४ मध्ये २२ व्या क्रमांकावर क्विन्यॉन मिचेल आणि दुसऱ्या फेरीत पुढे सरकून ४० व्या क्रमांकावर डिजीन, असे दोन राखणदार घेतले. एका वर्षात बचाव दिलेल्या यार्डांच्या हिशेबात लीगमध्ये पहिला आला. मग ठिगळ लावणारेच बरोबर ठरले नाहीत का?

हा मुद्दा अर्धा मान्य करायलाच हवा. मागची फळी जुनी झाली होती आणि तिच्यावर निवड खर्च करणे योग्यच होते. व्हिक फँजिओसारखा अनुभवी प्रशिक्षक आल्याशिवाय त्या निवडींचे सोने झाले नसते, हेही खरे. पण मिचेलच्या आधी ईगल्सने पहिल्या फेरीत कॉर्नरबॅक केव्हा घेतला होता? २००२ मध्ये, लिटो शेपर्ड. मधल्या २२ वर्षांत त्यांची पहिली फेरी पुन्हा पुन्हा फळीकडे वळत राहिली: माइक पॅटरसन, ब्रॉडरिक बंकली, ब्रँडन ग्रॅहम, फ्लेचर कॉक्स, डेरेक बार्नेट, डेव्हिस, कार्टर, नोलन स्मिथ. या यादीत मार्कस स्मिथसारखी पूर्ण फसलेली निवडही आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत प्रतिस्पर्ध्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याच्या हातून चेंडू पाडणारा ग्रॅहम आणि तो पडलेला चेंडू कवेत घेणारा बार्नेट हे दोघेही याच यादीतले, आणि ईगल्सचे पहिले सुपर बोल विजेतेपद त्या एका झटापटीने पक्के झाले. थोडक्यात, २०२४ मध्ये जे ठिगळ बसले ते बसायला आधीचे कापड शाबूत होते. पहिल्याच वर्षी मैदानात उतरलेल्या दोन नवख्या राखणदारांना प्रतिस्पर्ध्याच्या मागे पाच-पाच सेकंद धावावे लागले नाही, कारण चेंडू त्याच्या आधीच घाईने फेकला जात होता. हेच दोघे एखाद्या दुबळ्या फळीच्या मागे उभे राहिले असते, तर त्यांच्या पहिल्या वर्षाचे मूल्यमापन फार वेगळे झाले असते. कबड्डीत चढाईपटूचा पाय पकडणारा कोपरारक्षक टाळ्या मिळवतो, पण साखळीने त्याला मध्यरेषेकडे पळायची वाट आधी बंद केलेली असते.

त्यात योगायोगाचाही एक भाग होता. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या १४ निवडी सगळ्याच्या सगळ्या आक्रमणातल्या खेळाडूंच्या झाल्या. पहिल्या १२ मध्ये सहा क्वार्टरबॅक गेले. बचावातला पहिला खेळाडू, लायाटू लाटू, १५ व्या क्रमांकावर इंडियानापोलिसने घेतला. असे यापूर्वी कधीच घडले नव्हते. त्यामुळे त्या वर्षातला पहिला कॉर्नरबॅक २२ व्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला. ज्याची फळी आधीच उभी होती त्याला थांबणे परवडले.

याच आकड्यावरून आणखी एक आक्षेप पुढे येतो: आजच्या नियमांत बचावावर वरच्या निवडी खर्च करणे हाच वेडेपणा आहे. १९७८ मध्ये नियम बदलून पाच यार्डांपलीकडे झेलकऱ्याला धक्का देण्यास बंदी आली, २००४ पासून त्या नियमाची अंमलबजावणी कडक झाली, क्वार्टरबॅकला इजा होऊ नये म्हणून संरक्षण वाढत गेले. खेळ आक्रमणाच्या बाजूने झुकला आहे हे कोणीही नाकारणार नाही, आणि क्वार्टरबॅक नसलेल्या संघाने आधी क्वार्टरबॅक शोधावा हेही खरे. पण या नियमांनी नेमके कोणाचे हात बांधले? मागच्या फळीतल्या राखणदारांचे. पुढच्या फळीतल्या चौघांवर बंधने आली ती बहुतांशी क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचल्यानंतरची. तिथपर्यंत पोहोचण्याची त्यांची वाट नियमांनी फारशी अडवलेली नाही. तेव्हा नियम जितके आक्रमणाला झुकतील तितकी फळीची किंमत वाढते.

इतिहासातले सर्वांत ठळक उदाहरण पिट्सबर्गचे आहे. १९६९ मध्ये चक नोल स्टीलर्सचे प्रशिक्षक झाले आणि त्यांनी पहिलीच निवड केली ती नॉर्थ टेक्सासच्या जो ग्रीनची. शहरात अनेकांनी हे नावही ऐकले नव्हते. त्या हंगामात संघ १४ पैकी १३ सामने हरला. आजच्या पद्धतीने गुण वाटले असते तर नोलना नापास केले असते. त्याच ड्राफ्टच्या दहाव्या फेरीत एल. सी. ग्रीनवुड आला, १९७० च्या तिसऱ्या फेरीत मेल ब्लाउंट, १९७१ मध्ये जॅक हॅम, ड्वाइट व्हाइट आणि अर्नी होम्स, आणि १९७४ च्या दुसऱ्या फेरीत जॅक लँबर्ट. फळीतले चौघेही १९६९ ते १९७१ या तीन ड्राफ्टांतून आलेले होते. जानेवारी १९७५ मध्ये सुपर बोलमध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जला या बचावाने धावण्याच्या खेळात एकूण १७ यार्ड दिले. व्हायकिंग्जचे सहा गुण अडवलेल्या पंटमधून, म्हणजे पायाने दूर मारलेल्या चेंडूतून, आले, त्यांच्या आक्रमणाला एकही गुण मिळाला नाही. १९७६ च्या हंगामातल्या शेवटच्या नऊ सामन्यांत मिळून त्यांनी फक्त २८ गुण दिले, आणि त्यांपैकी पाच सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला शून्यावर रोखले.

या यशामागे बिल नन यांचे नाव मला आवर्जून घ्यावेसे वाटते, कारण ड्राफ्टच्या चर्चेत ते फार कमी घेतले जाते. ते ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे क्रीडा संपादक होते आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक महाविद्यालयांतल्या प्रशिक्षकांशी त्यांचे जवळचे संबंध होते. इतर संघ ज्या मैदानांकडे क्वचितच फिरकत होते तिथून ब्लाउंट, ग्रीनवुड, होम्स आणि ड्राफ्टमध्ये कोणीच न निवडलेला डॉनी शेल हे स्टीलर्सकडे आले. ‘सर्वांत गुणवान खेळाडू घ्या’ म्हणणाऱ्यांना मी विचारीन: गुणवान कोणाच्या यादीत? यादी तयार करताना अर्धा देश पाहिलाच नसेल, तर त्या यादीतला वरचा क्रमांक गुणवत्तेचा कसा म्हणायचा? अर्थात त्या काळी १७ फेऱ्या होत, खेळाडूला करार संपल्यावर मुक्तपणे दुसरीकडे जाता येत नव्हते, त्यामुळे नोलसारखा संच आज दहा वर्षे जपता येणार नाही. काळाचा हा फरक मान्य करूनही क्रम तोच राहतो.

आता माझ्या म्हणण्याला सर्वांत जास्त अडचणीत आणणारे उदाहरण. सिएटल सीहॉक्सने २०१० ते २०१२ या तीन ड्राफ्टांतून जो बचाव उभारला तो मागून पुढे उभारला. अर्ल थॉमस पहिल्या फेरीतला, कॅम चान्सलर आणि रिचर्ड शर्मन पाचव्या फेरीतले, बायरन मॅक्सवेल सहाव्या, लाइनबॅकर बॉबी वॅगनर दुसऱ्या. फळीतले मायकेल बेनेट आणि क्लिफ एव्हरिल २०१३ मध्ये बाजारातून, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंतून, आणलेले. २०१२ ते २०१५ सलग चार हंगाम या संघाने लीगमध्ये सर्वांत कमी गुण दिले. ६०६ गुणांचा विक्रम करून आलेल्या डेन्व्हरला त्यांनी सुपर बोलमध्ये ४३-८ असे चिरडले आणि त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला माल्कम स्मिथ सातव्या फेरीतला होता. मग फळी आधी हा आग्रह कशाला? माझे उत्तर असे की सिएटलचे प्रशिक्षक पीट कॅरल यांना कोणत्या प्रकारचा राखणदार हवा आहे हे त्यांना स्वच्छ ठाऊक होते: उंच, लांब हातांचा, झेलकऱ्याला सुरुवातीलाच अंगाने अडवणारा. शर्मन स्टॅनफर्डमध्ये आधी स्वतःच झेलकरी होता. असे खेळाडू इतर संघांच्या मापात बसत नव्हते, म्हणून ते पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत उरत. फळीतल्या माणसांच्या बाबतीत असे सहसा घडत नाही. क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचणारा सव्वाशे किलोचा चपळ माणूस सर्वांनाच हवा असतो. सिएटलने बाजारातल्या एका सवलतीचा फायदा घेतला आणि तो हुशारीने घेतला. दर वर्षी ती सवलत मिळेलच, असे धरून चालता येत नाही.

शिवाय सिएटलची पुढची कहाणी अर्धवट सांगितली जाते. २०१३ ची पहिली फेरी, म्हणजे त्या फेरीतला निवडीचा हक्क, त्यांनी पर्सी हार्विन या झेलकऱ्याच्या बदल्यात दुसऱ्या संघाला दिली, २०१५ ची जिमी ग्रॅहमसाठी. बचावात नवे रक्त येणे मंदावले. २०१७ मध्ये शर्मनचा घोट्यामागचा स्नायुबंध तुटला, मानेच्या दुखापतीने चान्सलरची कारकीर्द संपली, २०१८ मध्ये थॉमसचा पाय मोडला, आणि त्यांच्या जागी उभे राहायला त्याच ताकदीचे कोणी तयार नव्हते. इतका देखणा बचाव ओसरताना पाहणे दुःखाचे होते, आणि त्याचा दोष फक्त नशिबाला देता येत नाही.

उरला प्रश्न विकत घेण्याचा. लॉस एंजलिस रॅम्सने दोन पहिल्या फेऱ्या देऊन जेलन रॅम्सी आणला, दुसरी आणि तिसरी फेरी देऊन व्हॉन मिलर आणला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुपर बोल जिंकला. चषक हातात आहे, त्यामुळे हा मार्ग चूक होता असे कोणी म्हणू शकत नाही, मीही म्हणत नाही. पण ज्याच्याभोवती ही खरेदी झाली तो ॲरन डोनल्ड २०१४ मध्ये १३ व्या क्रमांकावर त्यांनीच निवडलेला होता. डेन्व्हरचा २०१५ चा बचावही असाच: डीमार्कस वेअर, अकीब तालिब, टी. जे. वॉर्ड विकत आणले, पण मिलर, डेरेक वुल्फ, मलिक जॅक्सन, डॅनी ट्रेव्हेथन हे घरचे होते. पाया नसताना केलेल्या खरेदीची किंमत दुप्पट पडते, कारण निवडीही द्याव्या लागतात आणि पगारही. २०१८ मध्ये शिकागोने खलील मॅकसाठी, २०२५ मध्ये ग्रीन बेने मायका पार्सन्ससाठी दोन-दोन पहिल्या फेऱ्या दिल्या आणि वर बचावपटूला तोवर कधी न मिळालेले करार केले. अशा खरेदीनंतर उरलेल्या दहा जागा कशा भरायच्या, हा प्रश्न संघापुढे उभा राहतोच. रॅम्सचेच पाहा. विजेतेपदानंतरच्या हंगामात ते १७ पैकी १२ सामने हरले. मग २०२३ च्या तिसऱ्या फेरीत बायरन यंग आणि कोबी टर्नर, २०२४ मध्ये आठ वर्षांनी प्रथमच हाती आलेल्या पहिल्या फेरीत जॅरेड व्हर्स आणि दुसऱ्या फेरीत ब्रेडन फिस्क, अशी चार माणसांची फळी त्यांनी दोन ड्राफ्टांत उभी केली. डोनल्ड निवृत्त झाला त्याच वर्षी या पोरांच्या फळीने बाद फेरीत मिनेसोटाच्या क्वार्टरबॅकला नऊ वेळा पाडले. विकत घेण्याच्या मार्गाचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते शेवटी याच वाटेवर आले.

ड्राफ्ट हा जुगार आहे, हा आक्षेप मला या सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. २०१७ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्कोने तिसऱ्या क्रमांकावर सॉलोमन थॉमस घेतला आणि तो कधीच त्या क्रमांकाला साजेसा खेळला नाही. त्याच ड्राफ्टमध्ये महोम्स दहाव्या क्रमांकापर्यंत उपलब्ध होता. पण जुगार असेल तर शहाणपण कशात आहे, एका डावावर सगळे लावण्यात की अनेकदा खेळण्यात? सॅन फ्रॅन्सिस्कोने २०१५ मध्ये एरिक आर्मस्टेड, २०१६ मध्ये डीफॉरेस्ट बकनर आणि २०१९ मध्ये निक बोसा घेतला होता, म्हणून थॉमसचे अपयश त्यांना पचवता आले आणि ते २०२० च्या सुपर बोलपर्यंत गेले. तिथे चौथ्या क्वार्टरमधली दहा गुणांची आघाडी घालवून ते हरलेही. उत्तम फळी असली की विजय ठरलेलाच, असा दावा मी करत नाही. एका चुकीने कोलमडणार नाही असा बचाव हवा असेल, तर निवडी एकाच वर्षात आणि एकाच माणसावर केंद्रित करू नयेत, एवढेच या उदाहरणावरून सांगता येते.

म्हणूनच ईगल्सनी विजयानंतरच्या दोन महिन्यांत जे केले ते मला त्या विजयाइतकेच अभ्यासण्याजोगे वाटते. मार्च २०२५ मध्ये विल्यम्सला न्यू इंग्लंडने चार वर्षांसाठी १० कोटी ४० लाख डॉलर देऊ केले, स्वेटला ॲरिझोनाने बोलावले, आणि ईगल्सनी दोघांनाही जाऊ दिले. एका वर्षाच्या स्वस्त करारावर बाजारातून आणलेला आणि फँजिओंनी जागा बदलून घडवलेला लाइनबॅकर झॅक बॉन मात्र त्यांनी मोठा करार करून राखला. एप्रिलमध्ये पहिल्या फेरीत त्यांनी जिहाद कँपबेल घेतला, तोही लाइनबॅकरच, आणि खांद्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झालेला. फळीतले दोघे गेले असताना लाइनबॅकर कशाला, असे लगेच विचारले गेले. डेव्हिस, कार्टर, नोलन स्मिथ आणि हंट यांच्या निवडी तोवर होऊन गेल्या होत्या, हे त्या प्रश्नात कोणी धरले नव्हते.